‘पूर्वेकडून’मधलं हरवलेलं ऊन

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण थांबा, लगेच पाढे म्हणायला लागू नका. मी शाळेतला फळा नव्हे. मी दांडी गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर टांगलेला हवामानाचा फळा आहे. वारा कुठला, पाऊस येणार का, समुद्रावर जायचं की नाही, एवढंच माझ्यावर लिहितात. ते वाचून माणसं होड्या पाण्यात लोटतात किंवा वाळूवर वर ओढून ठेवतात.

माझा जन्म मात्र समुद्रावरचा नाही. मी मूळचा जव्हारकडच्या डोंगरातला साग. तिथे उभा असताना संध्याकाळचा डोंगराचा वारा माझ्या पानांतून सळसळत खाली जायचा, तो कुठे जातो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे मला तोडलं, कापलं आणि दांडीला आणून माझी होडी केली. तेव्हा कळलं, तो वारा थेट समुद्रात येतो आणि वाटेत जे सापडेल ते खोल पाण्याकडे ढकलत नेतो.

ती होडी खंडेरावांची. सत्तावीस वर्षं मी खंडेरावांना समुद्रावर नेलं आणि सत्तावीस वर्षं परत आणलं. मग माझा तळ कुजला. होडीची बाकीची लाकडं चुलीत गेली. पण खंडेरावांचा मुलगा पुंडलिक आडवा आला. म्हणाला, “बापाची होडी हाय. चार फळ्या तरी मी जाळू देनार नाय.” त्याच सुमारास सोसायटीला फळा हवा होता. सुताराने त्या चार फळ्या जोडल्या, रंधा मारला, भोवती चौकट ठोकली, काळा रंग दिला. असा मी होडीचा फळा झालो. समुद्र सुटला म्हणून मी सुरुवातीला फार रुसलो होतो. पण भिंत खाडीच्या तोंडावर होती, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि येणारी-जाणारी प्रत्येक होडी मला दिसायची. मग म्हटलं, हेही काम काही वाईट नाही.

माझी ती वर्षं मानाची होती बरं! पहाटे जाळी खांद्यावर टाकून माणसं माझ्यापुढे थांबायची. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे कान देऊन ऐकायचे. एकदा मोठ्या वादळाची सूचना माझ्यावर वाचून सगळ्या होड्या घरी राहिल्या, तेव्हा गावाने माझ्यापुढे नारळ फोडला होता. दरवर्षी पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, होड्या वर असताना, मला उतरवून घासायचे आणि नवा काळा रंग द्यायचे.

मग मोबाइल आले. ग्रुप आले. आता हवामान प्रत्येकाच्या खिशात. त्यातले निम्मे निरोप मागच्या वर्षीचे, पुन्हा पुन्हा पुढे ढकललेले. सगळं वरातीमागून घोडं! पण ऐकतो कोण? मला रंग द्यायचं एक वर्ष राहिलं, मग दुसरं राहिलं, मग चार वर्षं कुणाला आठवणच झाली नाही. माझ्यावर पोस्टर चिकटवून झाले. एका बकरीने माझ्या चौकटीला अंग घासून घासून एक खिळाही सैल केला. मला राग यायचा. पण राग आला म्हणून फळा काय करणार? लटकत राहणार.

दोन माणसांनी मात्र मला सोडलं नाही. एक पुंडलिकची मुलगी भाविका. तीन वर्षांपूर्वी ती सोसायटीत कारकून झाली आणि रोज सकाळी हवामानाचा निरोप वाचून माझ्यावर लिहू लागली. अक्षर कसं, वळणदार! दुसरा स्वतः पुंडलिक. त्याच्याकडे साधा फोन, तोही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी ठेवलेला. तो रोज सकाळी यायचा, मला वाचायचा आणि मग माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर पूर्ण तळहात टेकवून तो हात कपाळाला लावायचा. बापाच्या होडीला नमस्कार केल्याशिवाय तो पाण्यात उतरत नसे. त्या हाताला माशांचं तेल असायचं, इंजिनचं वंगण असायचं. मला तो हात फार आवडायचा. वर्षानुवर्षं त्या हाताने माझा तो कोपरा आरशासारखा गुळगुळीत झाला होता. खरं सांगू? मला त्या चमकणाऱ्या कोपऱ्याचा गर्व होता.

आता या मे महिन्यात काय झालं ते ऐका.

उकाडा असा होता की माझ्या फळ्यांचे जोड वाजायचे. बंदीला दहा-बारा दिवस उरले होते. बहुतेकांनी छोट्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. पुंडलिकचं जाळं मात्र अजून समुद्रात होतं, होडीने तासाभराच्या अंतरावर. त्याची बायको येसूबाई सोसायटीच्या अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळवत होती, कारण पावसाळ्यात घरात तेवढंच कालवण. सोमवारी आठवड्याचा अंदाज आला. भाविका तो खिडकीशी उभी राहून वाचत होती, म्हणून मलाही कळला. तीन दिवस उकाडा वाढेल. गुरुवारी उत्तरेकडून थंड हवेचा एक पट्टा सरकत येईल. थंड हवा जड. ती इथल्या तापलेल्या, दमट हवेच्या खाली शिरेल आणि तिला वर ढकलेल. मग डोंगरावर उंच ढग उभे राहतील, विजा होतील, गडगडाट होईल. शुक्रवारपासून निवळेल.

गुरुवारी सकाळी त्याच दिवसाचा ताजा निरोप आला. भाविकाला कोळगावला जिल्हा कचेरीत सोसायटीचे कागद पोचवायचे होते आणि बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तिने खडू उचलला आणि भराभर लिहिलं:

‘दुपारनंतर गडगडाट, पाऊस. जोराचा वारा पूर्वेकडून.’

एरवी ती ‘वारा नेहमीचा’ एवढंच लिहायची, ते मधेच संपायचं. आजचं वाक्य लांब. शेवटचा शब्द थेट माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पोचला. ‘पूर्वेकड’ नीट उमटलं. पुढे माझा चमकणारा कोपरा लागला. ‘ड’च्या खालचा उकार आणि शेवटचा ‘न’ लिहिताना खडू सर्रकन घसरला. तिने दाबून लिहिलं, मला ओरखडा जाणवला, पण पांढरं काही उमटलं नाही. ती तोवर रिक्षाकडे वळली होती. मला कळलं होतं, मित्रांनो. पण फळ्याला तोंड कुठे असतं? माझी वाचा म्हणजे तुमचा खडू.

थोड्या वेळाने पुंडलिक आला. त्याने बोट ठेवून सावकाश वाचलं. “वारा... पूर्वेकड...” आणि मान हलवली. “पूर्वेकडं.”

आमच्या गावात ‘पूर्वेकडे’ला ‘पूर्वेकडं’च म्हणतात. वरच्या टिंबाची कुणी वाट बघत नाही.

मागे येसूबाई रिकाम्या टोपल्या घेऊन उभी होती. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, “काय म्हनतो तुमचा फळा?”

“वारा पूर्वेकडं हाय. म्हंजे समुद्राचा खाराच वारा, रोजचाच, जरा जोराचा. ढगांना जव्हारकडं ढकलील. पाऊस पडला तर डोंगरात पडंल. तू जवळा वाळत घाल खुशाल. मी जाळं काढून आनतो, परत वेळ नाय मिळनार.”

“आभाळ बघून जा हो.”

“आभाळ काय बघायचंय? पोरीनं लिवलंय ना!”

आणि त्याने तळहात माझ्या त्याच कोपऱ्यावर टेकवला. तो नमस्कार मला जन्मात पहिल्यांदा चटका देऊन गेला. माझ्या अंगात सत्तावीस वर्षांचं समुद्राचं पाणी मुरलेलं आहे, ते सगळं त्या क्षणी बाहेर येईल असं वाटलं. ‘कडं’ आणि ‘कडून’ यात केवढं अंतर! वारा पूर्वेकडे जाणारा असला तर होडीला घरी आणतो. पूर्वेकडून येणारा असला तर तीच होडी खोल समुद्रात नेतो. पुंडलिक होडी लोटून एकटाच निघून गेला आणि मी बघत राहिलो.

दुपारी दोनला भाविका कोळगावहून परतली. पूर्वेला डोंगरांच्या मागे ढग उभे राहिले होते, खाली काळे, वर कापसासारखे. खारा वारा हळूहळू पडत होता. तिने अंगणाकडे बघून आवाज दिला, “आई, जवळा अजून उन्हातच? बाबा कुठं हायत?”

“जाळ्यावर गेलं. सकाळीच. एकट्यानं काढायचं म्हंजे वेळ लागनार.”

“जाळ्यावर? अगं, मी फळ्यावर लिवलेलं नाय वाचलं त्यांनी?”

“वाचलं की! वाचूनच गेलं.”

भाविकाचा चेहरा पडला. ती धावत ऑफिसात शिरली. माझ्या शेजारच्या खिडकीतून मला वायरलेसची खरखर ऐकू आली. नरहरीची मोठी बोट मोसमाची शेवटची फेरी करून परत येत होती, तिच्यावर वायरलेस होता.

“नरहरीकाका, भाविका बोलते. तुमी कुठं हाव?”

“दोन तासांवर. काय झालं गं?”

“बाबा जाळ्यावर हायत, एकटे. वादळ येतंय. त्यांना घेऊन या. होडी मागं बांधा, पण त्यांना आना!”

“जाळं वाटेतच हाय. गाठतो.”

त्यानंतरचा पाऊण तास! बायकांनी भराभर जवळा टोपल्यांत भरून घरात नेला. येसूबाईचे हात काम करत होते आणि डोळे समुद्रावर होते. अर्धा जवळा अंगणातच राहिला. कुणी तरी ओरडलं, तर ती म्हणाली, “राहू दे गं. मानूस येऊ दे आधी.” इतकं बोलून ती खिडकीखाली, माझ्या पायाशी येऊन उभी राहिली.

वायरलेस पुन्हा खरखरला.

“भाविका, तुझा बाप गाठला. पन यायला तयार नाय! जाळं अर्धं वर आलंय, म्हनतो सोडनार नाय. म्हनतो वारा पूर्वेकडं हाय, ढग डोंगरात जातील. म्हनतो, पोरीनं सोता लिवलंय.”

“मी? मी पूर्वेकडं लिवलं?”

ती बाहेर आली. माझ्यापुढे उभी राहिली. माझ्यावरचा शेवटचा शब्द तिने वाचला, मग पुन्हा वाचला. “आई, माझी चूक झाली. माझ्याच हातानं झाली,” ती म्हणाली.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नाही, पोरी, तू बरोबर लिहिलंस, ते माझ्या अंगावर राहिलं नाही. पण तिला तेव्हा कुणाच्या दिलाशाची गरजच नव्हती. येसूबाई फक्त एवढंच म्हणाली, “रडायचं नंतर. आधी बोल त्यांच्याशी.” भाविकाने ओठ घट्ट मिटले आणि ती आत गेली.

“काका, बाबांना सांगा, फळ्यावरचं खोटं हाय. भाविका सोता सांगते. वारा पूर्वेकडं नाय, पूर्वेकडून येनार हाय.”

खरखर. मग नरहरी: “म्हनतो, कडं काय नि कडून काय, मला उल्लू बनवू नका. जाळं येतंय वर.”

मित्रांनो, आमचा पुंडलिक म्हणजे हट्टाचा पुतळा. भाविकाची नजर खिडकीतून थेट डोंगरांवर गेली. मग तिने एकच शब्द सांगितला, मोठ्याने, तोडून तोडून.

“काका, त्यांना म्हना, डोंगरावरनं! वारा डोंगरावरनं येतोय. बाबा, डोंगरावरनं!”

हा शब्द पुंडलिकच्या घरातला होता. खंडेराव माझ्यात बसून मुलाला तोच शिकवायचे: डोंगरावरनं सुटला की जाळं बघायचं नाय, किनारा बघायचा. थोडा वेळ वायरलेसवर नुसती खरखर होती. मग नरहरी म्हणाला, “दोर कापला त्यानं. आला माझ्या बोटीवर. होडी मागं बांधली. निघालो.”

येसूबाईने समुद्राकडे बघून हात जोडले.

पण वादळ काही आमच्यासाठी थांबलं नव्हतं. खारा वारा एकदम मेला. पान हलेना. मग माझ्या दुसऱ्या अंगाने गार झुळूक आली. तिला ओल्या मातीचा वास होता, डोंगराचा वास. मी तो लहानपणापासून ओळखतो. पुढच्या क्षणाला वाऱ्याने असा दणका दिला की वाळू उडाली, टोपल्या उडाल्या, उरलेला जवळा समुद्रात गेला. वीज कडाडली. सगळ्यांना भाविकाने ऑफिसात घेतलं, एकालाही किनाऱ्यावर उभं राहू दिलं नाही. मी बाहेरच. बकरीने सैल केलेला खिळा करकरू लागला. मी ठरवलं, पडायचं नाही. नरहरीची बोट दिसेपर्यंत तरी नाही. सत्तावीस वर्षं लाटा खाल्ल्या आहेत, एक वारा काय चीज!

पाऊस आडवा येत होता. माझ्यावरची अक्षरं वाहून गेली. आणि मग त्या पांढऱ्या पडद्यातून बोटीचं नाक दिसलं, इंजिन जीव खाऊन ओढत होतं, वाऱ्याच्या तोंडावर, इंच इंच. मागे दोरावर पुंडलिकची होडी उड्या मारत होती. एकट्या त्या होडीचं छोटं इंजिन या वाऱ्यापुढे काय करणार होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. खिळा टिकला. बोट खाडीत शिरली.

पुंडलिक भिजून आला, ऑफिसच्या दारात उभा राहिला. भाविका म्हणाली, “बाबा, माझ्यामुळं...” तो म्हणाला, “आलो ना मी? मग झालं.” पण तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. भाविका खडू घेऊन माझ्यापुढे आली, पण लिहीना. “आई, मी लिवायचं सोडते,” ती म्हणाली. मला वाटलं, आता माझं खरंच सरपण झालं. तेवढ्यात पुंडलिक आला, सवयीने कोपऱ्याकडे हात नेला आणि थबकला. डोंगरामागून वर आलेलं कोवळं ऊन तिरपं माझ्या अंगावर पडलं होतं.

“पोरी, इकडं ये. हे बघ. इथं उभी राहा, माझ्या जागी.”

त्या तिरप्या उन्हात, चमकणाऱ्या कोपऱ्यात, ओरखडा दिसत होता. एक उकार. पुढे एक ‘न’. पाऊस खडू धुऊन नेतो, ओरखडा नाही.

भाविकाने बोट फिरवून बघितलं. “मी लिवलं होतं,” ती पुटपुटली. “बाबा, मी लिवलं होतं!”

“तू लिवलं होतंस गं. फळ्यानं धरलं नाय.” मग पुंडलिकने आपला तळहात त्या गुळगुळीत जागेवर ठेवला. बरोबर मापाचा बसला. “आनि त्यानं तरी कसं धरायचं? मीच त्याला तेल पाजलंय इतकी वरसं. मायेनं हात लावला रोज, पन एकदा घासला नाय.”

त्याच दिवशी त्याने मला उतरवलं. पॉलिश पेपर घेऊन स्वतः घासायला बसला. मित्रांनो, दुखलं! तो चमकणारा कोपरा जाताना फार दुखलं. पण मी मनात म्हणत होतो, घास बाबा, आणखी घास. दोन हात काळा रंग बसला. खिळे नवे आले. आणि भाविकाने खडू उचलला तेव्हा पुंडलिकने तिला बजावलं, “ते कडं-कडून आता बास. वारा डोंगरावरनं असंल तर डोंगरावरनं लिव. खारा असंल तर खारा लिव. आनि लिवलं की दहा पावलं मागं जाऊन मोठ्यानं वाच. मग रिक्षा.”

त्याचं जाळं अजून समुद्रातच होतं. पुढचे चार दिवस होडी दुरुस्त करण्यात गेले. पाचव्या दिवशी तो ते काढायला जाणार, तर त्याच सकाळी पुन्हा निरोप आला. भाविकाने लिहिलं, दहा पावलं मागे गेली आणि वाचलं: “दुपारी विजा. वारा डोंगरावरनं. होडी काढू नये.” शेवटच्या कोपऱ्यापर्यंत एकेक अक्षर मी घट्ट धरलं होतं.

इंजिनात डिझेल भरून आलेला पुंडलिक माझ्यापुढे उभा राहिला. त्याने दोनदा वाचलं. मग डिझेलचा डबा खाली ठेवला आणि ओट्यावर बसला.

त्या दिवशी पाऊस आला नाही. वीजही नाही. ढग आले आणि दूर उत्तरेला निघून गेले. संध्याकाळपर्यंत समुद्र कसा, ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. नरहरीने चेष्टा केली, “काय रे पुंडलिक, फळ्यानं दिवस खाल्ला की तुझा!”

“खाऊ दे,” पुंडलिक म्हणाला. “दुपारी घरी बसून गरम भात जेवलो. बायको समोर होती, पोरगी समोर होती. यात माझं वाईट काय झालं?”

माझं लाकूड जुनं आहे, पण त्या वाक्याने ते आतून ओलं झालं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर ‘वारा खारा’ लिहिलेलं वाचून तो गेला आणि फाटलेलं का होईना, जाळं घेऊन आला.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. तुमच्या गावात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखा एखादा जुना फळा असेल, तर त्याच्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचा. डोळे सवयीने चुकीचं भरून घेतात, कान ती चूक पकडतात. त्याच्यावर माया असेल तर हात जरूर लावा, पण चौकटीला. पुंडलिकही आता चौकटीलाच लावतो.

आणि वर्षातून एकदा आम्हाला घासा. दुखतं म्हणून सोडू नका. मी सागाचा आहे, सोसेन. पण एक अक्षर सुटलं आणि कुणी घरी आलं नाही, तर ते मला सोसणार नाही.